चालक दंड, मोटारगाडीचा : आच्छादित व उघडा

मोटारगाडीच्या पुढील भागी असलेल्या एंजिनाची परिभ्रमी गती दंतचक्र पेटीतून मागील आसाकडे नेणाऱ्या दंडास चालक दंड म्हणतात. कारागिरांच्या व्यवहारात तो ‘प्रोपेलर शाफ्ट’ या नावाने ओळखला जातो. हा दंड भक्कम नळीत बंदिस्त असल्यास त्यास आच्छादित चालक दंड व नळीविना असल्यास उघडा चालक दंड म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक मोटारगाड्यांत आच्छादित रचना होती. पुढे ती मागे पडून बहुतेक गाड्यांत उघडी रचना आली. त्यामुळे जुनी गाडी चालू ठेवताना आच्छादित रचनेच्या जागी उघडी रचना बसविण्याचा प्रश्न उद्भवतो. वरवर पाहता हे काम नळी काढून टाकण्याइतके सोपे वाटते. परंतु ही नळी केवळ आवरण नसून मागील आसाला योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार असते. ती काढण्यापूर्वी तिची सर्व कामे दुसऱ्या भागांवर सोपवावी लागतात.

मागील आसावरील बले : गाडी चालताना मागील आसावर दोन प्रकारची बले विशेषेकरून कार्य करतात. चाके रस्त्याला मागे रेटतात व त्याची प्रतिक्रिया म्हणून आस पुढे ढकलला जातो. ही रेट सांगाड्यापर्यंत पोहोचली, तरच गाडी पुढे सरकते. दुसरे म्हणजे, चाकांना ज्या दिशेने पीळ दिला जातो त्याच्या विरुद्ध दिशेने आसाचे कवच फिरू पाहते. रोधक लावले असता हा परिणाम उलट दिशेने होतो. उदा., एंजिनाचे परिबल २० किग्रॅ.-मी., पहिल्या गतीतील दंतचक्रांचे गुणोत्तर ३ व आसातील गुणोत्तर ४ असल्यास आसावरील परिबल, घर्षणव्यय सोडून, २० × ३ × ४ = २४० किग्रॅ.-मी. होते. आसाला जोडलेली नळी १·५ मी. लांब असेल, तर कवचाला फिरू न देण्यासाठी तिच्या पुढील टोकावर १६० किग्रॅ. इतका भार येतो. नळी काढल्यास हा भार नाहीसा होत नाही, तर अन्यत्र जातो.

आच्छादित रचना : या रचनेत नळीचे मागील टोक आसाच्या कवचाला घट्ट जोडलेले असते व पुढील टोक दंतचक्र पेटीच्या मागे गोलाकार सांध्यात बसते. नळीच्या आतील दंडाला या गोलाच्या मध्याशी एकच सार्वत्रिक सांधा पुरतो. आसाची रेट व त्याचे उलटे परिबल ही दोन्ही नळीच घेते, त्यामुळे स्प्रिंगांना मुख्यतः गाडीचे वजन पेलावे लागते. धूळ व चिखल यांपासून सांध्याचे रक्षण होते, हा आणखी एक लाभ होय. तथापि या रचनेत दुरुस्ती कष्टाची असते. क्लच किंवा दंतचक्र पेटी उतरविण्यासाठी बहुधा संपूर्ण मागील आस नळीसह मागे सरकवावा लागतो. गोलाकार सांध्याची झीज झाल्यास दंतचक्र पेटीतील तेल नळीवाटे आसात उतरते. तेथे ते पातळी ओलांडून चाकांच्या रोधकांपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो.

उघडी रचना : फ्रान्समधील हॉचकिस या उत्पादकाच्या नावावरून ही रचना ओळखली जाते. तीत दंडाच्या दोन्ही टोकांना सार्वत्रिक सांधे व एका टोकाला लांबी कमीजास्त होऊ देणारा खाचांचा सरकता सांधा असतो. रेट व उलटे परिबल ही दोन्ही गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविलेल्या पानांच्या स्प्रिंगा, म्हणजे कमानपाटे, घेतात. पाट्याचे पुढील टोक सांगाड्याला खिळीने बांधलेले व मागील टोक झुलत्या कडीत असते. सार्वत्रिक सांध्याची कल्पना जुनी असून तिच्याशी सोळाव्या शतकातील जेरोलामो कार्दानो व सतराव्या शतकातील रॉबर्ट हुक यांची नावे निगडित आहेत. मोटारगाडीस उपयुक्त अशा बंदिस्त सांध्याचे पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांना १९०३ मध्ये मिळाले. असे वंगणयुक्त टिकाऊ सांधे मिळू लागल्यावर नळीच्या संरक्षणाची गरज उरली नाही. फोर्ड मोटारींत १९४९ च्या, शेव्हरोले मोटारींत १९५५ च्या व ब्यूक मोटारींत १९६१ च्या नमुन्यापासून उघडा दंड आला.

भारतातील परिस्थिती : फोर्ड कंपनीची भारतीय शाखा १९२६ मध्ये स्थापन झाली, तर जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. प्रशुल्क आयोगाच्या १९५३ च्या शिफारशींनुसार केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना वाव उरला नाही व या दोन्ही कंपन्यांनी येथील काम आटोपते घेतले. शेव्हरोले मोटारींत उघडा दंड येण्याआधीच शिवडीचे काम १९५४ मध्ये थांबल्यामुळे तेथे जुळणी झालेल्या शेव्हरोले मोटारी आच्छादित रचनेच्याच राहिल्या. याउलट वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातील डॉज, प्लिमथ व नंतरच्या फियाट गाड्या, मुंबईतच जुळणी होऊ लागलेल्या महिंद्र जीप, तसेच अँबॅसडर मोटारी या सर्वांना उघडा दंड होता. परिणामी कारागिरांच्या पुढील पिढ्या उघड्या दंडावरच तयार झाल्या. कोळसा व मँगॅनीज यांच्या वाहतुकीमुळे मालमोटारींची वर्दळ असलेल्या नागपूर–जबलपूर मार्गावरील कामठी, कन्हान, मनसर यांसारख्या ठिकाणी सांध्याचा ‘क्रॉस’ बदलणे हे नित्याचे काम आहे; आच्छादित दंडाचा गोलाकार सांधा व त्याची अस्तरे मात्र सहजी मिळत नाहीत. रूपांतराकडे कल होण्यामागे हे एक व्यावहारिक कारण आहे. नवी दंतचक्र पेटी किंवा लांबच्या प्रवासास सोयीचे आसगुणोत्तर हवे असणे, हे दुसरे कारण होय.

रूपांतराची पद्धती : सर्वसाधारणपणे उघड्या दंडासाठीच बनविलेला दुसरा आस बसविणे हे मूळ आसाची नळी कापण्यापेक्षा अधिक सुरक्षित असते. नव्या आसाची रुंदी, चाकांचे बोल्ट, रोधकांच्या नळ्या व हातरोधकाची तार मूळ गाडीशी जुळावी लागतात. मूळ आसच ठेवल्यास लहान दंतचक्राच्या टोकाला जोडचकती व तेलरोधक बसवावे लागतात आणि त्याचे धारवे नव्या भारास पुरेसे आहेत, याची खातरजमा करावी लागते.

यानंतर आसाच्या आधाराचा विचार करावा लागतो. काही आच्छादित रचनांत पाट्याची बैठक आसावर फिरती असते. उघड्या रचनेत ती घट्ट असणे आवश्यक असते, अन्यथा पहिल्याच जोरकस सुरुवातीस आस गरकन फिरून दंड व सांधे मोडतात. फोर्डच्या १९४८ पर्यंतच्या मोटारींत मागील स्प्रिंग आडवी असल्यामुळे ती आसाला पुढेमागे धरू शकत नाही. ब्यूक मोटारींत १९३८ पासून मागे वेटोळ्या स्प्रिंगा होत्या. त्यांनाही हेच लागू पडते. अशा गाड्यांत सांगाड्यापासून आसापर्यंत स्वतंत्र बाहू द्यावे लागतात किंवा उभे कमानपाटे नव्याने बसवावे लागतात.

सांध्यांचे कोन ही तिसरी महत्त्वाची बाब होय. एकटा सार्वत्रिक सांधा कोनात फिरत असता दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा कमी होतो. १०° कोनास हा फरक दोन्ही बाजूंस सु. १·५ टक्के असतो. दंतचक्र पेटीचा बाहेर येणारा दंड व आसातील लहान दंतचक्राचा दंड एकमेकांस समांतर ठेवल्यास आणि चालक दंडाच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच प्रतलात असल्यास दुसरा सांधा पहिल्याचा दोष नाहीसा करतो. कोन अगदी शून्यही नसावा. सांध्यातील सुईधारवे थोडे हलत राहिले, तरच त्यांची झीज सारखी होते.

दंडाची लांबी गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असताना मोजतात व सरकत्या सांध्यात दोन्ही बाजूंस वाव ठेवतात. चाकाचा परिघ २·१ मी. व आसगुणोत्तर ४ असल्यास ताशी ८० किमी. वेगास दंड मिनिटाला सु. २,५०० फेरे घेतो. त्यामुळे वितळजोडानंतर दंड सरळ करून यंत्रावर त्याचा समतोल साधणे अनिवार्य असते. दंड फार लांब असल्यास त्याचे दोन तुकडे करून मध्ये धारवा देतात. पुढील सांध्याजवळ सांगाड्याला पोलादी कडे लावतात. सांधा तुटल्यास दंडाचे टोक रस्त्यात रुतून गाडी उलटण्याचा धोका त्यामुळे टळतो.

मूळ स्वरूप व कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा फेरफार मालकास करता येत नाही. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत पुरातन वाहनांच्या नोंदणीची तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या व सांगाडा, बाह्यकाया किंवा एंजिन यांत मोठा बदल न झालेल्या बिगर-व्यापारी दुचाकी व चारचाकी वाहनांना ती लागू आहे. नव्या आसासाठी सांगाडा कापला किंवा त्याला नवे आधार वितळजोडाने बसविले, तर गाडी या कसोटीस उतरण्यात अडचण येऊ शकते. म्हणून दुर्मिळ गाडीत मूळ नळी व सांधा दुरुस्त करणे श्रेयस्कर असते. रूपांतर अपरिहार्यच असेल, तर नवे भाग केवळ बोल्टांनी जोडावेत, सांगाड्याला छेद देऊ नये आणि मूळ आस, नळी व दंड जपून ठेवावेत. म्हणजे गाडी पुन्हा पूर्वस्थितीत आणता येते. नित्य वापराच्या सामान्य गाडीत मात्र योग्य आधार, कोन व समतोल यांची काळजी घेऊन केलेले रूपांतर दुरुस्तीच्या दृष्टीने सोयीचे ठरते.