डोंगरातली गाडी, म्हणून जाड ऑइल?

गॅरेजमध्ये मिस्त्री डिपस्टिक बाहेर काढतो, टोकावरचा थेंब अंगठा आणि बोटात चोळतो आणि निकाल देऊन मोकळा होतो: "पार पाणी झालंय, साहेब. त्यात तुमची फोर बाय फोर, घाटा-चिखलातली. यात जाडच टाकू." मालकही मान डोलावतो. मीही पूर्वी डोलावत असे.

गंमत अशी, की ऑइल बोटांनी पारखता येतच नाही. १५डब्ल्यू-४० हे आपल्याकडचं नेहमीचं डिझेल ऑइल ४० अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकंच शंभर अंशांना उरतं. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनातला थेंब पातळच लागणार. त्यात वंगणाचा दम शिल्लक आहे की नाही, हे बोटाला कळत नाही.

डब्यावरच्या आकड्यांबद्दलही असाच घोळ. 'डब्ल्यू' म्हणजे वजन नव्हे, विंटर. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा शंभर अंशांवरच्या घट्टपणाचा. १५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना इंजिन फिरवण्याची असते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या थंडीला १५डब्ल्यू पुरून उरतं. जानेवारीत लेहला जायचं असेल तेव्हा ५डब्ल्यूचा खरा उपयोग. उलट, "विदर्भाचा उन्हाळा आहे, जाड हवं" हेही फारसं खरं नाही. बाहेर ४५ अंश असो की १५, थर्मोस्टॅट आणि कूलंट मिळून इंजिनाचं तापमान साधारण एकाच पट्ट्यात धरून ठेवतात. ट्रेलर ओढत घाट चढायचा असेल तर गोष्ट वेगळी. पण तशी सूट कंपनीला द्यायची असेल तर ती मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते.

मग जाड टाकलं तर बिघडतं काय? सकाळी स्टार्टर मारल्यावर टर्बोपर्यंत ऑइल पोचायला उशीर होतो, आणि टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्या काही क्षणांची झीज डोळ्यांना दिसत नाही, पण साठत जाते. ॲव्हरेजही थोडं पडतं. इंजिनाचा आवाज मात्र कमी होतो, आणि मालकाला वाटतं, गाडी सुधारली.

खरा फटका मात्र आकड्यांनी नाही, डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांनी बसतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी बसली. ती काजळी अडवते आणि अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळून टाकते. काजळी जळते; राख जळत नाही. ही राख येते ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांतून. ऑइल थोडं थोडं जळतच असतं, त्याची राख जाळीत कायमची बसते. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं: डब्यामागे लिहिलेल्या दर्जांपैकी एसीईए सी३ मध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांच्या वर चालत नाही, एपीआय सीके-४ मध्ये १ टक्क्याच्या. तुमच्या गाडीला यातलं नेमकं कोणतं, ते मॅन्युअल सांगतं. तिथे सी३ म्हटलं असताना "तेही १५डब्ल्यू-४०च आहे, आणि स्वस्त पडतं" म्हणून जुन्या दर्जाचा डबा ओतणं म्हणजे जाळी हळूहळू बुजवणं. वाचलेले पैसे नव्या डीपीएफच्या बिलापुढे चिल्लर ठरतात.

जुन्या, डीपीएफ नसलेल्या बोलेरोवाल्यांची चिंता उलटी असते: नवं ऑइल जुन्या इंजिनाला सोसेल का? सीके-४ हे सीआय-४, सीजे-४ या जुन्या दर्जांच्या जागी चालावं असंच बनवलेलं आहे, फक्त घट्टपणाचा आकडा जुळवा. सिंथेटिकनं गळती सुरू होते म्हणतात. बहुतेकदा सील आधीच गेलेलं असतं, साचलेल्या मळीनं ते झाकून ठेवलेलं असतं.

आता रंग. डिझेलचं ऑइल बदलल्यावर काही शे किलोमीटरांतच काळं होतं. ते वाईट नाही. काजळी तरंगत ठेवायची, गोळा होऊ द्यायची नाही, हेच त्याचं काम. महिनोन्‌महिने सोनेरी राहणाऱ्या डिझेल ऑइलकडे मी उलट संशयानं बघेन. काळजी करावी ती पातळी वाढली तर. शहरात छोट्या-छोट्या फेऱ्या मारणाऱ्या बीएस-६ गाडीत जाळी तापवण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइल 'मॅक्स'च्या वर गेलं की लोक खूश होतात, "थेंबभर खात नाही गाडी!" ते ऑइल नसतं, डिझेल असतं. आणि ओढ्यातून गाडी काढल्यावर डिपस्टिक दुधी चहासारखी दिसली तर स्टार्टरला हात लावू नका.

फोर बाय फोरवाल्यांची आणखी एक चूक: इंजिन ऑइल बदललं म्हणजे सगळं झालं. ट्रान्सफर केस आणि पुढचा-मागचा डिफरन्शियल यांची ऑइलं वेगळी, त्यांच्या मुदतीही वेगळ्या. त्यांचा ९० हा आकडा पाहून दचकू नका. तो गिअर ऑइलच्या वेगळ्या मापातला आहे. शंभर अंशांना तो इंजिनाच्या ४०-५० च्या जवळपासच बसतो. फोर लोमध्ये दिवसभर शेतात-जंगलात रांगणाऱ्या गाडीचे किलोमीटर कमी पडतात, इंजिनाचे तास मात्र भरपूर होतात. अशा वापरासाठी मॅन्युअलमध्ये कमी अंतराचा वेगळा तक्ता असतो. ते पान सहसा कुणी उघडत नाही.

ऑइल भरताना समोर उभे राहा. डब्याचं सील तुमच्या डोळ्यांदेखत तुटू द्या, मागची बारीक ओळ मॅन्युअलशी जुळवा, आणि रिकाम्या डब्याच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरनं एक भोक पाडून मगच तो परत द्या. नाहीतर त्याच डब्यातून उद्या दुसऱ्याच्या गाडीत भलतंच ऑइल जाईल.