रिद्धपूरच्या महदाइसा

मध्ययुगीन ख्रिस्ती जोगिणींबद्दल वाचताना मला सारखं आपलं रिद्धपूर आठवतं. १३व्या शतकात जर्मनीत मेश्टिल्ड नावाची जोगीण लॅटिन सोडून लोकभाषेत लिहीत होती. त्याच शतकात इकडे वऱ्हाडात, रिद्धपूरला, महानुभाव पंथातल्या महदाइसांनी चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्यासाठी ‘धवळे’ रचले: कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. मराठीतल्या आद्य कवयित्री त्याच, आणि त्या बालविधवा होत्या! पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांनी बायकांना संन्यास दिला, विटाळ मानला नाही. पुढे संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्याला चक्रधरांनंतरचे आचार्य नागदेवाचार्य यांनी अडवलं, पंथातल्या म्हाताऱ्यांना ते कळणार कसं म्हणून. (मला तर ही गोष्ट सगळ्यात आवडते.) रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही आहे. अमरावती-अकोलेकरांनो, एक रविवार काढाच!