फ्लॉपीवाचून बायोस

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या बऱ्याच गाड्यांच्या एकट्या इंजिनाला भोर घाटातला ३७ फुटांमागे १ फुटाचा चढ पेलत नाही, म्हणून कर्जत स्थानकात गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडली जातात, ती गाडीला रेटत लोणावळ्यापर्यंत नेतात आणि तिथे सुटी होतात. संगणकातील बायोस या आज्ञावलीचे काम साधारण याच जातीचे आहे. ‘बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम’ या नावाचे ते लघुरूप असून ही आज्ञावली मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या, एका छोट्या चिपमध्ये साठवलेली असते. बटण दाबताच ती सर्वांत आधी जागी होते, स्मृती, कळफलक, पडदा आणि डिस्क ठाकठीक आहेत का हे पाहते, डिस्कवरची विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली शोधून तिच्या हाती कारभार देते आणि स्वतः बाजूला होते. ही उपमा एका ठिकाणी लंगडी पडते आणि जुन्या लॅपटॉपचा बायोस बदलायला फ्लॉपी, म्हणजे ती प्लॅस्टिकची जुनी चकती, का मागितली जाते हा गुंता नेमका तिथलाच आहे. डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या काळात हे बँकर लोणावळ्याला सुटत नसे, ते पुण्यापर्यंत गाडीला जोडलेलेच राही, कारण डॉसला डिस्कवरचा एवढासा मजकूर वाचायचा झाला तरी बायोसचीच मदत घ्यावी लागे.

आयबीएमने १९८१ साली आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये बायोस अशा चिपमध्ये होता, की त्यात बदल करायचा तर चिपच काढून दुसरी बसवावी लागे. तोशिबा कंपनीतील संशोधक फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश स्मृती मांडली, म्हणजे विजेच्या साह्याने पुसता आणि पुन्हा लिहिता येणारी आणि वीज गेली तरी मजकूर टिकवणारी स्मृती, आणि नव्वदीच्या दशकात बायोस या स्मृतीत राहायला आल्यावर चिप न काढता नवी आवृत्ती चढवणे शक्य झाले. तसे करण्याची कारणेही खरीखुरी होती. उदाहरणार्थ, जुन्या बायोसला डिस्कवरील जागेचा पत्ता २८ अंकी द्विमान संख्येत मोजता येत असल्यामुळे १३७ जीबीच्या पलीकडची डिस्क त्याला दिसतच नसे, आणि मोठी डिस्क बसवायची तर आधी बायोस बदलणे भाग पडे.

कंपन्या हा बदल फ्लॉपीवरून करायला सांगत. तो फ्लॉपीवरूनच का करायचा, याचे उत्तर फ्लॉपीत नसून डॉसमध्ये आहे. बायोसची चिप लिहिणाऱ्या आज्ञावलीला त्या दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या कोणाचीही लुडबुड चालत नाही. विंडोज एकाच वेळी अनेक कामे आलटून पालटून चालवते आणि यंत्रावरचा ताबा सहजी सोडत नाही, तर डॉसमध्ये एका वेळी एकच आज्ञावली चालते आणि सारे यंत्र तिच्या हाती असते. स्मृतीची व्यवस्था पाहणारे डॉसचे साहाय्यक घटकसुद्धा न चढवता अगदी उघडेवाघडे डॉस सुरू करावे, अशी सूचना म्हणूनच दिलेली असे. असे डॉस आणि नवा बायोस ही दोन्ही ज्यात मावत आणि जे प्रत्येक यंत्राला वाचता येई असे साधन त्या काळी फ्लॉपीच होते. साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १४,७४,५६० बाइट मावत. (तिच्यावर छापलेला १.४४ एमबी हा आकडा धड हजाराच्या हिशेबातला नाही आणि धड १०२४ च्याही नाही. दोन मोजमापांची ती खिचडी आहे.)

ॲपलने १९९८ च्या आयमॅकमधून फ्लॉपी वगळली, सडपातळ लॅपटॉपांनी तीच वाट धरली आणि २०११ साली सोनीनेही फ्लॉपी विकणे थांबवले. मात्र ज्या लॅपटॉपांना फ्लॉपीचे तोंडच नव्हते, त्यांच्यापैकी काहींच्या बायोसच्या फायलीसुद्धा ‘ए ड्राइव्हमध्ये रिकामी फ्लॉपी घाला’ असे बजावत राहिल्या. वास्तविक यंत्राला प्लॅस्टिकची चकती नको असते, त्याला ते १४,७४,५६० बाइट ठरलेल्या क्रमाने हवे असतात. फ्लॉपीवरचा सगळा मजकूर जसाच्या तसा एका फायलीत उतरवला, की तिला फ्लॉपीची प्रतिमा म्हणतात, आणि या प्रतिमेलाच खरी फ्लॉपी समजण्याची बायोसची तयारी असते. फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ साली ठरवलेल्या ‘एल टोरिटो’ या संकेतानुसार सीडीच्या पोटात अशी प्रतिमा ठेवता येते, आणि त्या सीडीवरून लॅपटॉप सुरू केला असता बायोस तिलाच ए ड्राइव्ह म्हणून डॉसपुढे उभी करतो. सीडी ड्राइव्हही बिघडला असेल तर लिनक्सच्या जगातली मेमडिस्क ही चिमुकली आज्ञावली तीच प्रतिमा हार्ड डिस्कवरून उचलून स्मृतीत ठेवते आणि डॉसने फ्लॉपीसाठी बायोसला घातलेली साद मधल्यामध्ये अडवून स्वतःच उत्तर देते.

सर्वांत सोयीचा मार्ग पेन ड्राइव्हचा. जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेले फ्रीडॉस हे मोफत डॉस रूफस या आज्ञावलीच्या साह्याने पेन ड्राइव्हवर चढवायचे, शेजारी कंपनीने दिलेली बायोसची फाइल आणि ती लिहिणारी आज्ञावली ठेवायची आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. अगदी जुन्या लॅपटॉपांना पेन ड्राइव्हवरून सुरू होता येत नाही, तिथे सीडीच गाठावी लागते. यूएसबीला जोडायचा सुटा फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला तर प्रश्नच मिटतो, पण निरोगी फ्लॉपी मिळवणे हा आता ड्राइव्ह मिळवण्याहून अवघड उद्योग झाला आहे. २००५ साली स्थापन झालेल्या मंचाने पुढे नेलेल्या यूईएफआय या नव्या पद्धतीत ही सगळी यातायात उरली नाही: अलीकडच्या लॅपटॉपांत नवा बायोस विंडोजकडून किंवा लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी या आज्ञावलीकडून येतो, यंत्र पुन्हा सुरू होताना स्वतःच लिहिला जातो, आणि विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने डिस्क कुलूपबंद असेल तर ते कुलूप तेवढे आधी थांबवून ठेवावे लागते. गंमत म्हणजे यूईएफआय आपल्या फायली ज्या फॅट नावाच्या मांडणीत शोधते, ती मांडणी मुळात सत्तरीच्या दशकात फ्लॉपीसाठीच बेतलेली होती.

ज्या कर्जतला बँकर जोडतात त्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात बायोस बदलताना खरा घोर मात्र फ्लॉपीचा नसून विजेचा असतो. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ पासून वीज देत आले आहे, त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. तरीही सह्याद्रीच्या पायथ्याच्या या गावांत आषाढातल्या वादळी पावसात एखादी फांदी तारांवर कोसळली की लाईट जाते ती जातेच. चिप पुसून झालेली आणि नवा मजकूर अर्धाच उतरलेला असताना वीज गेली, तर पुढच्या वेळी जागे व्हायला त्या चिपमध्ये काहीच धड उरलेले नसते. म्हणून लॅपटॉपची आज्ञावली ॲडॅप्टर जोडलेला आहे का आणि बॅटरी पुरेशी भरलेली आहे का हे तपासल्याखेरीज लिहायला घेत नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असल्यामुळे काम नेमके इथे अडते. ही तपासणी चुकवण्याच्या युक्त्या आहेत, पण त्या वापरणे हा शुद्ध अविचार होय. त्याच मॉडेलची चालती बॅटरी तासाभरासाठी उसनी आणणे किंवा ॲडॅप्टर यूपीएसवर लावून कोरड्या दिवशी काम उरकणे हेच शहाणपणाचे, आणि लॅपटॉप विनातक्रार चालत असेल तर जुना बायोस तसाच राहू देणे त्याहून शहाणपणाचे.

बायोस पुसला गेला तर काय होते हे २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या संगणकीय विषाणूने भारतासह अनेक देशांना दाखवले. डिस्कवरच्या मजकुराबरोबर त्याने कित्येक यंत्रांचा बायोसही खोडला, आणि ती यंत्रे सुरूच होईनात. असा लॅपटॉप वाचवायचा तर चिपमधल्या राखीव भागाच्या आधारे फ्लॉपीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून बायोस परत चढवण्याची सोय त्या मॉडेलमध्ये आहे का ते आधी पाहावे, आणि नसेल तर ‘चिप लेव्हल’ काम करणारा कारागीर गाठावा, तो गावात न मिळाल्यास कर्जत लोकलने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवर. हा कारागीर पाटीवरची आठ पायांची चिप शोधतो, तिच्यावर चिमटा बसवतो आणि प्रोग्रामर या छोट्या उपकरणाने ती वाचतो, चिप १.८ व्होल्टची असेल तर ३.३ व्होल्ट देणाऱ्या प्रोग्रामरला मध्ये जोडणी लावतो, नाहीतर चिप जळण्याची भीती असते. नवे काही लिहिण्याआधी तो जुना मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का हे ताडून पाहतो, कारण चिमटा केसभर सरकला तरी वाचन चुकते, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या मजकुरात लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि अनेकदा विंडोजची परवाना-किल्लीही असते, जी कंपनीकडून आणलेल्या कोऱ्या फायलीत सापडत नाही.