आखाड्याबाहेरची कुस्ती

कुस्ती म्हटली की लाल माती, हलगी आणि जत्रेतला फड आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती मात्र अगदी निराळी. तिच्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते, आणि मल्ल जितके ताकदवान तितकेच कसलेले नट असतात. म्हणून जाणती माणसे तिला हसतात. पण या लुटुपुटुच्या कुस्तीमागे गेली चाळीसहून अधिक वर्षे एक खरी कुस्ती चालू आहे. ती कंपन्या-कंपन्यांमधली असून दूरचित्रवाणीवरची वेळ हा तिचा आखाडा आहे. तिचा निकाल मात्र आधी कोणालाच ठाऊक नसतो. तिचीच ओळख करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

१९४८ साली अमेरिकेतील काही कुस्ती-ठेकेदारांनी 'नॅशनल रेसलिंग अलायन्स' हा संघ स्थापन केला. त्यात ज्याचा त्याचा मुलूख ठरलेला होता. एकाने दुसऱ्याच्या मुलखात खेळ लावायचा नाही. स्थानिक वाहिनीवर कुस्ती दाखवली जाई ती मुख्यतः सभागृहाची तिकिटे खपावीत म्हणून. धंदा तिकिटांचा होता आणि दूरचित्रवाणी ही नुसती दवंडी होती.

ही घडी उपग्रहाने मोडली. १९७६ पासून टेड टर्नर यांची अटलांटातील वाहिनी उपग्रहामार्गे दूरदूरच्या गावी दिसू लागली. तिकडे व्हिन्स मॅकमॅहन यांनी १९८२ साली वडिलांची कंपनी विकत घेतली. तीच पुढे जगभर गाजलेली डब्ल्यू.डब्ल्यू.एफ. मुलखांच्या सीमा त्यांनी मानल्याच नाहीत. जॉर्जियातील कंपनीचे भाग विकत घेऊन त्यांनी टर्नर यांच्या वाहिनीवरची तिची शनिवारची वेळ ताब्यात घेतली. १४ जुलै १९८४ रोजी प्रेक्षकांनी संच लावला, तर आपले नेहमीचे मल्ल गायब! तक्रारींचा पाऊस पडला. अखेर १९८५ मध्ये मॅकमॅहन यांनी ती वेळ जिम क्रॉकेट या ठेकेदाराला सुमारे १० लाख डॉलरना विकली. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण तो केवळ वेळेचा भाव होता.

१९८८ मध्ये टर्नर यांनी क्रॉकेट यांची कंपनीच घेतली आणि ती डब्ल्यू.सी.डब्ल्यू. या नावाने चालवली. ४ सप्टेंबर १९९५ रोजी तिचा 'नायट्रो' हा कार्यक्रम सुरू झाला, तोही मॅकमॅहन यांच्या 'रॉ' या कार्यक्रमासमोर, सोमवारी रात्रीच. कोणाला किती घरांनी पाहिले याचे आकडे दर आठवड्याला येत, आणि त्या आकड्यांवर जाहिरातींचा दर ठरे. 'नायट्रो' थेट प्रक्षेपित होई, तर 'रॉ'चे काही भाग आधी मुद्रित केलेले असत. म्हणून 'नायट्रो'वाले समोरच्या कुस्त्यांचे निकाल आधीच सांगून टाकत! १९९६ च्या जूनपासून सलग ८३ आठवडे 'नायट्रो'ने बाजी मारली.

या चढाओढीत मल्लांचे भले झाले. हल्क होगन, स्कॉट हॉल, केव्हिन नॅश असे नावाजलेले गडी टर्नर यांच्या पैशाच्या जोरावर इकडे आले. आमच्या घरी कांदा पिकतो. बाजारात बोली लावणारे दोघे असले की आबांची चाल वेगळी असते. एकच असला की घरी येईपर्यंत ते बोलत नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. अर्थशास्त्राच्या पुस्तकातली 'स्पर्धा' आणि 'मक्तेदारी' मला आधी कळली ती आबांच्या चालीवरून. मल्लाच्या ताकदीचाही भाव असाच ठरतो.

१९९८ च्या एप्रिलमध्ये 'रॉ' पुन्हा पुढे गेले आणि डब्ल्यू.सी.डब्ल्यू. तोट्यात बुडू लागली. पण तिला शेवटची चीत केली ती मल्लाने नव्हे, मालकाने. टर्नर यांच्या वाहिन्या तोवर एका मोठ्या कंपनीत विलीन झाल्या होत्या, आणि २००१ च्या जानेवारीत ती कंपनीही एओएलशी जोडली गेली. एरिक बिशॉफ आणि त्यांचे भागीदार डब्ल्यू.सी.डब्ल्यू. विकत घ्यायला तयार होते. इतक्यात वाहिन्यांचे नवे प्रमुख जेमी केलनर यांनी आपल्या वाहिन्यांवरून कुस्तीच काढून टाकली. वेळ गेली तसे गिऱ्हाईकही मागे हटले. मग मॅकमॅहन यांनी मार्च २००१ मध्ये कंपनीचे नाव, जुन्या चित्रफिती आणि काही मल्लांचे करार सुमारे २५ लाख डॉलरना घेतले. १९८५ मध्ये नुसत्या शनिवारच्या वेळेचे १० लाख, आणि आता वेळेवाचून अख्ख्या कंपनीचे २५ लाख! २६ मार्चला 'नायट्रो'चा शेवटचा भाग झाला.

त्यानंतर अमेरिकेत मोठे दार एकच उरले. कंपनीच्या लेखी मल्ल नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असतो. पण ज्याच्यापुढे दुसरे दारच नाही, त्याचे स्वातंत्र्य ते किती? २००२ पासून डब्ल्यू.डब्ल्यू.ई. म्हणवणाऱ्या या कंपनीला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला तो २०१९ मध्ये. 'ऑल एलिट रेसलिंग' या नव्या कंपनीचा साप्ताहिक कार्यक्रम त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला सुरू झाला, आणि तोही ज्या वाहिनीवरून 'नायट्रो' काढले गेले त्याच टी.एन.टी. वाहिनीवर!

दरम्यान पैशाचा ओघ पार उलटला होता. कुस्तीला इतर खेळांसारखा हंगाम नसतो. बावन्न आठवडे ताजा खेळ मिळतो आणि तो लोक त्याच वेळी पाहतात. म्हणून वाहिन्या तिच्यासाठी वाटेल ते मोजतात. २०१८ मध्ये फॉक्सने पाच वर्षांच्या हक्कांसाठी सुमारे १०० कोटी डॉलर कबूल केले. जानेवारी २०२५ पासून 'रॉ' नेटफ्लिक्सवर गेले. तो करार दहा वर्षांचा असून ५०० कोटी डॉलरहून मोठा आहे. एकेकाळची दवंडी आता खुद्द पीक झाली आहे.

आम्हा विद्यार्थ्यांना यातून एक गोष्ट घेता येईल. कोण जिंकले एवढेच पाहून थांबू नये. दार कोणाच्या हाती आहे आणि आत जाणाऱ्याला दुसरे दार आहे की नाही, हेही विचारावे. माझ्या मते शिक्षण म्हणजे बव्हंशी हा प्रश्न विचारण्याची सवय.