स्टेअरिंग जड झाले तर

जुन्नरचा कांदा, साताऱ्याचा बटाटा भरून ट्रक घाट उतरतात आणि नवी मुंबईत वाशीच्या घाऊक बाजारात येतात. भरलेला ट्रक वळवायचा म्हणजे चेष्टा नाही. पुढच्या चाकांवर केवढे ओझे!

म्हणून गाडीत एक पंप असतो. इंजिन त्याला पट्ट्याने किंवा दात्याच्या चाकाने फिरवते. पंप तेलाला दाब देतो. तो दाब चाके वळवायला मदत करतो. ड्रायव्हर वाट दाखवतो, जोर तेल लावते. ही युक्ती अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने काढली. १९५१ साली ती विकायच्या मोटारीत आली. आजच्या पुष्कळ लहान मोटारींत पंपाऐवजी विजेची मोटर असते.

पंप बिघडला की स्टेअरिंग जड होते. वळताना घूं-घूं आवाज येतो. अशी गाडी घाटात नेऊ नका. वळणावर ती आवरणार नाही.

पण थांबा. लगेच नवा पंप आणायची घाई नको. आधी तेल कमी आहे का, पट्टा सैल आहे का, पाइप गळतो का, ते पाहा. कधी कधी थोडक्यात काम भागते. पैसे वाचतात.

पंपच गेला असेल तर काय करायचं? इंजिन बंद करून थंड होऊ द्या. चाकांना ठोकळे लावा. खाली पाटी ठेवून तेल काढा. पाइप सोडवा, त्यांची तोंडे झाका. पट्टा सैल करा, बोल्ट काढा. आता जुना व नवा पंप शेजारी ठेवा. दोघांवरचा नंबर वाचून ताडून पाहा. पुली हातोड्याने ठोकू नका. तिच्यासाठी वेगळे हत्यार असते. वॉशर नवे घाला. बोल्ट आधी हाताने, मग पान्याने आवळा.

गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच तेल भरा. आत हवा राहिली तर नवा पंपही लवकर बाद होतो. म्हणून पुढची चाके उचला, खाली मजबूत स्टँड द्या. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्हीकडे सावकाश पुष्कळदा फिरवा. तेल उतरेल, पुन्हा भरा. मग इंजिन चालू करून तसेच करा. स्टेअरिंग टोकाला दाबून धरू नका. बुडबुडे थांबले म्हणजे हवा गेली.

गळती हाताने चाचपू नका. दाबाचे तेल कातडीत घुसते. जुने तेल गटारात ओतू नका. ते खाडीत जाते, मासळी मरते. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याला द्या.

हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. पण तेलाच्या डब्यावरचे नाव आणि पंपावरचा नंबर तुम्ही स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. मग चुकीचा माल गळ्यात कसा पडेल?