वीज गेली, तरी ओझे का पडत नाही?

विहिरीवर रहाटाने पाणी काढताना हात निसटला, तर काय होते? भरलेली घागर धाडकन खाली जाते. रहाटाचा दांडा गरगर फिरून हाताला मारतो. घागरीचे वजन ते केवढे! दहा-पंधरा किलो. मग जिथे शेकडो पोत्यांचे ओझे उचलतात, तिथे काय करीत असतील?

रायगड जिल्ह्यात उरणजवळ जवाहरलाल नेहरू बंदर आहे. ते १९८९ साली सुरू झाले. तिथे जहाजातून लोखंडाच्या मोठमोठ्या पेट्या उतरवतात. त्यांना कंटेनर म्हणतात. भरलेल्या पेटीचे वजन ३० टनांपर्यंत भरते. म्हणजे शंभर किलोची ३०० पोती! ही पेटी उचलणाऱ्या यंत्राला यारी म्हणतात. कोणी क्रेन म्हणतात.

यारी म्हणजे एक मोठा रहाटच समजा. माणसाच्या हाताच्या जागी विजेची मोटार. मोटार दातेरी चाके फिरवते. ती चाके एक मोठा रूळ फिरवतात. रुळावर पोलादी दोर गुंडाळला जातो, अन् ओझे वर चढते. मोटार एकदम जोरात सुरू केली, तर दोराला हिसका बसेल. ओझे झोके खाईल. म्हणून ती आधी हळू फिरवतात, मग वेग वाढवतात.

ओझे उतरवताना मात्र खरी मेख आहे. बैलगाडी उतारावर आली, की बैल ती ओढत नाहीत. अंगावर येणारी गाडी ते थोपवून धरतात. मोटारीचेही तसेच. उतरणारे ओझेच मोटारीला फिरवू लागते. त्या वेळी मोटार वीज खात नाही, उलट वीज तयार करते. त्याने ओझ्याला आवर बसतो.

पण ओझे अधांतरी असताना वीजच गेली तर? बैलांनी मान काढली, तर गाडी सुटायचीच! इथे ब्रेक कामाला येतो.

सायकलचा ब्रेक आपण दाबला तरच लागतो. यारीचा ब्रेक ह्याच्या उलट. तो मुळातच लागलेला असतो. मोटारीच्या दांड्यावर एक चाक असते. दोन गुटके त्या चाकाला चिमट्यासारखे आवळून धरतात. गुटक्यांना दाबते ती बळकट स्प्रिंग. मोटारीला वीज मिळाली, की विजेच्याच जोराने गुटके सैल होतात. वीज गेली, की तो जोर गेला. स्प्रिंग लगेच गुटके आवळते. ओझे जागीच थांबते.

युक्ती कशी आहे पाहा! ब्रेक सोडायला वीज लागते, लावायला लागत नाही. संकट आले, की ब्रेक आपोआप लागतो.

तरी गुटके झिजतात. स्प्रिंग ढिली पडते. चाकाला तेल लागले, तर ब्रेक घसरतो. म्हणून त्याची तपासणी वरचेवर करावी लागते. आणि ब्रेक कितीही चांगला असो, लोंबत्या ओझ्याखाली कोणी उभे राहू नये.

हे सारे आम्ही तुम्हांला का सांगतो? खेड्यापाड्यांतही आता यारी आली आहे. विहीर खोदताना मुरूम-दगड तिनेच वर काढतात. तळाशी आपलेच भाऊबंद काम करीत असतात. त्या यारीचा ब्रेक माणसाने दाबला तरच लागणारा असला, तर ती आपल्या रहाटासारखीच. हात निसटला, की घात झाला.

म्हणून विहिरीत उतरण्याआधी यारीवाल्याला विचारा, "दादा, तुमचा हात सुटला तर बादली थांबते, की पडते?" नुसते विचारू नका. विहिरीबाहेर, जवळ कोणी नसताना, दगडांनी भरलेली बादली दोन हात वर उचलायला सांगा. मग हात सोडायला सांगा. थांबली, तर कामाला लागा. पण बादली वर जाताना कडेला सरून उभे राहा. त्या बादलीत बसून मात्र कधी चढउतार करू नका. ती दगडांची बादली, माणसांची नव्हे.

आणि बादली पडली, तर विहिरीत उतरू नका. एका दिवसाची मजुरी बुडेल. ती पुन्हा मिळवता येते.