हमी सामना (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

हमी सामना म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एखाद्या मोठ्या विद्यापीठाने ठरावीक रक्कम देऊन लहान विद्यापीठाच्या संघाला आपल्या मैदानावर खेळण्यास बोलावलेला सामना होय. येथे 'फुटबॉल' हा शब्द अमेरिकन फुटबॉल या खेळाला उद्देशून वापरला आहे. निकाल कोणताही लागला तरी ठरलेली रक्कम पाहुण्या संघास मिळते; म्हणून तिला 'हमी रक्कम' म्हणतात. असे अनेक सामने एकाच राज्यातील दोन विद्यापीठांमध्ये होतात. त्यांतून मोठ्या विद्यापीठाच्या क्रीडा-उत्पन्नाचा काही भाग त्याच राज्यातील लहान संस्थेकडे जातो. मात्र त्यामुळे लहान संस्थेचे अंदाजपत्रक मोठ्या संस्थेच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते.

पार्श्वभूमी

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने इ.स. १९७८ मध्ये आपल्या पहिल्या विभागातील फुटबॉल संघांचे दोन उपविभाग केले. इ.स. २००६ पासून ते एफबीएस (वरचा) आणि एफसीएस (खालचा) या नावांनी ओळखले जातात. इ.स. २०२५ पूर्वीच्या नियमांनुसार एफबीएस संघास ८५, तर एफसीएस संघास ६३ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. एफबीएसमध्येही सर्व विद्यापीठे सारखी नाहीत. बिग टेन, एसईसी यांसारख्या बलाढ्य गटांतील विद्यापीठांना दूरचित्रवाणी हक्कांतून प्रचंड उत्पन्न मिळते. मिड-अमेरिकन कॉन्फरन्ससारख्या गटांतील विद्यापीठांचे उत्पन्न त्या मानाने फारच थोडे असते.

इ.स. २००६ पासून एफबीएस संघांना नियमित हंगामात १२ सामने खेळण्याची मुभा मिळाली. आपल्या गटातील आठ-नऊ सामने वगळता उरलेल्या तारखांसाठी मोठी विद्यापीठे बाहेरचे प्रतिस्पर्धी शोधतात.

व्यवहाराचे स्वरूप

दोन तुल्यबळ विद्यापीठे सहसा एक वर्ष एकाच्या आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या मैदानावर खेळतात. हमी सामन्यात अशी परतफेड नसते. परतभेट न देता घरच्या मैदानावर आणखी एक सामना मिळावा, यासाठीच यजमान विद्यापीठ पैसे मोजते. तिकिटे, वाहनतळ, खाद्यपदार्थांची विक्री व प्रक्षेपण यांचे उत्पन्न मुख्यतः यजमानाकडे राहते.

उदाहरणादाखल, एक लाख प्रेक्षकांच्या मैदानात प्रत्येक तिकिटामागे सरासरी ५० डॉलर मिळाले, तर केवळ तिकिटांचे उत्पन्न ५० लाख डॉलर होईल. त्यातून पाहुण्या संघास १५ लाख डॉलर दिले, तरी इतर खर्चासाठी आणि शिलकीसाठी ३५ लाख डॉलर उरतात. एफसीएस संघांना सामान्यतः काही लाख डॉलर मिळतात. एफबीएसमधील लहान विद्यापीठांना १० ते २० लाख डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते.

लेखी करारात रक्कम, ती देण्याची मुदत, मोफत तिकिटांची संख्या आणि सामना रद्द केल्यास द्यावयाची भरपाई नमूद केलेली असते. बहुतेक यजमान विद्यापीठे सरकारी असल्याने असे करार माहितीच्या कायद्यांखाली नागरिकांना पाहता येतात.

यजमानास विजयाचाही लाभ होतो. हंगामोत्तर 'बोल' सामन्यांच्या पात्रतेसाठी साधारणतः सहा विजय लागतात. एफसीएस संघावर मिळवलेला एक विजय त्यांत धरला जातो; मात्र त्या संघाने ठरावीक प्रमाणात शिष्यवृत्त्या दिलेल्या असाव्या लागतात.

राज्यांतर्गत सामने

प्रतिस्पर्धी त्याच राज्यातील असला की लहान संघाचा प्रवासखर्च कमी होतो. विमानाऐवजी बसने जाता येते, त्यामुळे हमी रकमेचा अधिक भाग शिल्लक राहतो. त्याचे माजी विद्यार्थी आणि खेळाडूंचे कुटुंबीयही सामन्यास सहज येऊ शकतात.

ओहायो राज्यात ही प्रथा ठळकपणे दिसते. ओहायो स्टेट विद्यापीठाने इ.स. २०२३ मध्ये यंगस्टाउन स्टेट, २०२४ मध्ये ॲक्रन आणि २०२५ मध्ये ओहायो विद्यापीठ या राज्यातीलच संघांना कोलंबस येथे बोलावले. तिन्ही सामने यजमानांनी जिंकले. राज्यातील संघाकडून ओहायो स्टेटचा शेवटचा पराभव इ.स. १९२१ मध्ये ओबर्लिन महाविद्यालयाने केला होता.

लुईझियानात एलएसयू आणि सदर्न विद्यापीठ ही दोन्ही बॅटन रूज शहरात असूनही त्यांचे फुटबॉल संघ प्रथम इ.स. २०२२ मध्ये एकमेकांसमोर आले. सदर्न हे मूलतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले विद्यापीठ आहे. एलएसयूने तो सामना ६५–१७ असा जिंकला.

लहान विद्यापीठांवरील परिणाम

अनेक लहान विद्यापीठांत क्रीडाविभागाचा मोठा खर्च विद्यार्थ्यांकडून घेतले जाणारे शुल्क आणि विद्यापीठाचा सर्वसाधारण निधी यांतून भागवला जातो. सामने न पाहणारा विद्यार्थीही हे शुल्क भरतो. हमी रकमेमुळे हा भार काही अंशी हलका होतो आणि स्वतःचे उत्पन्न नसलेल्या इतर खेळांनाही आधार मिळतो.

या उत्पन्नाची किंमत मैदानावर मोजावी लागते. इ.स. २०१२ मध्ये सव्हाना स्टेट या एफसीएस संघाने दोन सामन्यांतून सुमारे ८ लाख ६० हजार डॉलर मिळवले. त्यांपैकी ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध तो ८४–० असा हरला, तर फ्लोरिडा स्टेटविरुद्धचा सामना खराब हवामानामुळे ५५–० या गुणसंख्येवर थांबवावा लागला. अशा विषम लढतींत दुखापतीचा धोका खेळाडू पत्करतात आणि पैसा संस्थेस मिळतो, असा आक्षेप घेतला जातो.

क्वचित निकाल उलटाही लागतो. इ.स. २००७ मध्ये ॲपलाचियन स्टेटने सुमारे ४ लाख डॉलरच्या मोबदल्यात खेळताना मिशिगनला ३४–३२ असे हरवले. इ.स. २०१६ मध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनने आपल्याच राज्यातील वॉशिंग्टन स्टेटवर ४५–४२ अशी मात केली.

अवलंबित्व आणि अलीकडील बदल

जुलै २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे बिग टेनने केवळ गटांतर्गत सामने खेळण्याचे जाहीर केले. त्यामुळे ओहायो स्टेट आणि बोलिंग ग्रीन यांच्यातील ठरलेला सामना रद्द झाला. हा निर्णय ज्या गटाने घेतला, त्याचे बोलिंग ग्रीन सदस्य नव्हते. तरीही त्याचा फटका त्याला बसला.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार २०२५–२६ या वर्षी प्रत्येक विद्यापीठास आपल्या खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट देण्याची मुभा मिळाली. यामुळे मोठ्या विद्यापीठांवर नवा खर्च आला. एसईसीने इ.स. २०२६ पासून गटांतर्गत सामने आठवरून नऊ करण्याचे ठरवले आहे. त्यामुळे त्या गटातील विद्यापीठांकडे लहान संघांसाठी उरणाऱ्या तारखा कमी होतात. राज्यांतर्गत हमी सामन्यांना दूरच्या संघांच्या तुलनेत प्रवासखर्चाचा आणि स्थानिक प्रेक्षकांचा फायदा असला, तरी सामना ठेवायचा की नाही हे मुख्यतः यजमान विद्यापीठच ठरवते.